आवाजांचं बारसं

बातमी आली तेव्हा माझा फोन लॉकरमध्ये होता. एमआरआयच्या खोलीकडे जाताना फोन, घड्याळ, किल्ल्या, केसांच्या पिना, सगळं काढून ठेवावं लागतं; आतलं ते अवाढव्य चुंबक डॉक्टर आणि पेशंट असा भेद करत नाही. त्या सकाळी एका निवृत्त हवालदाराच्या मेंदूची चित्रं घेऊन मी बाहेर आले, लॉकर उघडला, आणि माझ्या थोरल्या बहिणीचे, नलूताईचे, इतके मिस्ड कॉल दिसले की परत फोन करायच्या आधीच मला कळलं. दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्यांच्या सोसायटीसमोरच्या बागेत फिरायला गेलेले माझे भावोजी, निवृत्त कर्नल श्रीकांत बेडेकर, बाकावर बसले ते बसलेच. बाकही त्यांचा नेहमीचा, मागे भिंत आणि समोर फाटक असलेला. हृदय बंद पडलं होतं. ज्या डोक्याची आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं काळजी वाहिली ते शेवटपर्यंत शाबूत राहिलं, आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं त्यानं दगा दिला. मला त्या क्षणी दुःखाच्या आधी राग आला, हे खरं सांगते.

याला आता काही आठवडे झाले. भावोजींवर लिहायला बसले आहे खरी, पण दर चार ओळींनी उठते आहे. एकदा चहा टाकला. एकदा दोरीवरचे कपडे उगाच आत आणले, ते अजून ओलेच होते. माणूस गेलं की मन सुन्न होतं म्हणतात, माझं तसं काही झालेलं नाही. माझ्या पायांना कुणीतरी चावी देऊन ठेवली आहे. भावोजी असते तर म्हणाले असते, "डॉक्टरीणबाई, एका जागी बसा की. तुमचाच फोटो हललेला येईल." आमच्या मशीनमध्ये माणूस हलला की चित्र बिघडतं, हे कळल्यापासून हा त्यांचा आवडता टोमणा होता. मी मेंदूची चित्रं वाचणारी डॉक्टर आणि जन्मात कधी स्वस्थ न बसणारी, यावर त्यांनी माझी किती थट्टा केली असेल... असो.

आम्ही दिल्लीचेच मराठी. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत साताऱ्याहून इकडे आले आणि इकडचेच होऊन गेले. ताईचं लग्न करोल बागेत झालं तेव्हा मी शाळेत होते. आम्हाला भाऊ नाही, त्यामुळे नवरदेवाचा कान पिळायचा मान मला मिळाला, आणि मिळालेला मान मी कधी वाया घालवत नाही. मागून दबक्या पावलांनी गेले आणि तो तरणाताठा कॅप्टन हवनासमोर बसलेला असताना त्याचा कान असा काही पिळला की भटजी मंत्र विसरले. "अरे, हे काय! छोडो यार, शरण आलो!" असं म्हणत ते खो खो हसले होते. चॉकलेटचा डबा कबूल करून घेतल्याशिवाय मी कान सोडला नाही. मागून गेले, हे मी मुद्दाम लिहिलं. तेव्हा त्यांच्या मागून जाता येत होतं.

पुढे ते काश्मीरमध्ये असताना त्यांच्या पुढच्या गाडीखाली सुरुंग फुटला. त्या गाडीतलं कुणी वाचलं नाही. भावोजींची जीप उलटून नाल्यात पडली, ते काही वेळ बेशुद्ध होते, मग उठले, कानातून दोन दिवस शिट्टी वाजत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी ते कामावर होते. आम्हाला फोनवर एवढंच सांगितलं, "साधं खरचटलंसुद्धा नाही." आईनं देवापुढे साखर ठेवली. खरचटलं नाही म्हणजे लागलं नाही, असा तेव्हा आमचा सगळ्यांचा हिशेब होता. हात गेला, पाय गेला तर माणूस जखमी. डोक्याला नुसताच हादरा बसला तर तो माणूस नशीबवान!

सुटीवर आले ते वेगळेच. पूर्वीचा घर डोक्यावर घेणारा माणूस आता हॉटेलात तीन टेबलं बदलायचा, कारण पाठीमागे भिंत हवी. कचऱ्याचा डबा दिसला की रस्ता ओलांडायचा. कुकरच्या शिट्टीला जागचा उठायचा आणि मग ओशाळून पाणी प्यायला निघाल्यासारखं करायचा. झोपेत असताना ताईनं पांघरूण सारखं करायला हात लावला, तर तिचं मनगट असं धरायचा की वळ उठायचे. नलूताई माझ्यासारखी बडबडी नाही. तिनं कुणाकडे तक्रार केली नाही, घरात एक नियम केला. भावोजींच्या मागून कुणी यायचं नाही, आणि यायचंच असेल तर आधी "आले हं" म्हणायचं. त्यांनी "ये" म्हटलं की मग पुढे पाऊल टाकायचं. त्यांची मुलगी गौरी या नियमातच वाढली. शाळेतल्या मैत्रिणींच्या घरीसुद्धा ती दारात "आले हं" म्हणून थांबून राहायची आणि मैत्रिणींच्या आया तिच्या वळणाचं कौतुक करायच्या.

दिवाळी हा सगळ्यांत अवघड दिवस. लक्ष्मीपूजन झालं की दिल्ली काय करते ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. निवृत्तीनंतर द्वारकेत फ्लॅट घेतला तो विमानतळाकडे जाणारी जमिनीखालची मेट्रो जवळ आहे म्हणून, हे ताई कुणाला सांगायची नाही. भावोजी प्रसाद तोंडात टाकून बाहेर पडायचे आणि संध्याकाळभर त्या गाडीतून जमिनीखाली जा-ये करत राहायचे. दिवाळीला मेट्रो लवकर बंद होते. मग शेवटच्या गाडीतून उतरून, कानात कापूस घालून, झपाझप घरी. एका वर्षी मी सोबत गेले होते. डब्यात आम्ही दोघं आणि बॅगा घेतलेले काही परदेशी प्रवासी. भावोजींनी खिशातून करंज्यांचा पुडा काढला आणि म्हणाले, "बघ वसू, सगळी दिल्ली वर पैसे जाळते आहे आणि आपण कसे वातानुकूलित फराळ करतोय." त्यांचा गुडघा मात्र सारखा हलत होता. तो त्या काळात कधी थांबलेला मी पाहिला नाही.

संक्रांतीला ते मराठी मंडळाच्या बसमधून पानिपतच्या काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला, जायचे. भाषणं व्हायची, किती पडले याचे आकडे दरवर्षी सांगितले जायचे, घोषणा व्हायच्या. भावोजी गर्दीत उभे राहायचे नाहीत, दूर एका झाडाला पाठ लावून असायचे. एकदा परतताना तिळगुळाची वडी चघळत ते म्हणाले, "पडलेल्यांचं सगळं सांगतात. जे चालत परत घरी गेले त्यांचं पुढे काय झालं, ते नाही कुणी सांगत. ते दचकत असतील का ग? बायका काय म्हणत असतील त्यांना?" बसमध्ये अंताक्षरी सुरू झाली होती.

मग ओवीचं बारसं झालं. खरं तर हा लेख त्या दिवसाभोवतीच फिरतो आहे आणि मी मघापासून त्याच्याकडे यायचं टाळते आहे. गौरी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचा नवरा करण पंजाबी, अगदी गुणी मुलगा, मराठी जेवतो आणि समजतो, बोलत नाही. बारसं जानेवारीत, द्वारकेच्या त्याच फ्लॅटमध्ये. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं; करणची बहीण बंगळुरूहून निघाली होती, पण दिल्लीच्या धुक्यानं तिचं विमान जयपूरला उतरवलं. मुहूर्त टळत चालला. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, आत्या नाही तर आजोबा सांगू देत. भावोजींचा चेहरा असा उजळला... लग्नात कान पिळला होता तेव्हा होता, अगदी तसा. ते पाळण्यावर वाकले. त्यांनी कानात नाव सांगितलं. आणि सगळ्याजणी "कुर्रर्र" करून ओरडल्या.

आता, आपल्याकडे नाव सांगणाऱ्याच्या पाठीत बुक्के घालायची रीत आहे. आत्याची पाठ त्यासाठीच असते. ज्या बाईनं घरात तो नियम केला, ज्या बाईनं इतकी वर्षं स्वतःच्या नवऱ्याला कधी मागून हात लावला नाही, त्या नलूताईनं आनंदाच्या भरात पहिला बुक्का घातला. भावोजी गर्रकन वळले. त्यांचा हात फिरला आणि ताई शोकेसवर जाऊन आदळली. काच फुटली, पाळणा जोरात हलला, ओवी किंचाळून रडायला लागली. भावोजी पाळण्यावर पालथे पडले होते, दोन्ही हातांनी तो झाकून, आणि ओरडत होते, "नीचे! सब नीचे!" ओवीला काही झालं नव्हतं. ताईचं मनगट मोडलं होतं. घुगऱ्यांची परात कुणीतरी हातात धरून तशीच उभी होती.

त्या दिवसापासून त्यांनी ओवीला हात लावला नाही. ती ज्या खोलीत असेल तिथून ते उठून जायचे. गौरीही बाळाला त्यांच्या जवळ ठेवेना, आणि तिला दोष तरी कुठल्या तोंडानं द्यावा? ताईच्या हाताला प्लास्टर होतं तेव्हा स्वयंपाक तेच करायचे, पिठलं उत्तम करायचे, आणि ताईला भरवायचे. एका दुपारी मी गेले तर माझ्या पुढ्यात ताट ठेवून म्हणाले, "तू डोक्यातलं बघतेस ना? माझं बघ. मला मोठ्या मोठ्या गोष्टी नको सांगूस. एवढंच सांग, मी नातीला उचलू का नको."

मी त्यांना आमच्याकडे नेलं. नात्यातल्या माणसाचा रिपोर्ट आपण वाचायचा नाही, तो माझे सहकारी सक्सेना वाचतील असं ठरवलं. आधी एक्स-रे, अंगात कुठे लोखंडाचा तुकडा राहिलेला नाही ना हे बघायला. "लोखंड नाही, नुसता हट्ट आहे," ताई म्हणाली. पण एमआरआयचा आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला पुढचं सांगायला नको. डोक्यावर पिंजरा, अंगाभोवती नळकांडं, आणि मग ठोके. आधी सुटे, मग भरभर. पेशंटच्या हातात रबरी फुगा असतो, नको झालं की दाबायचा. भावोजींनी तो लगेच दाबला. दुसऱ्यांदा आले, पुन्हा दाबला. बाहेर काढलं तेव्हा अंगातला गाऊन घामानं चिंब होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. गुंगीचं औषध देऊन करता आलं असतं, ते नाही म्हणाले. "शुद्धीवर राहून करायचं. बेशुद्ध एकदा होऊन झालंय."

तिसऱ्या खेपेला त्यांनी वेगळंच मागितलं. आत जायच्या आधी मला सगळे आवाज काचेबाहेर बसून ऐकव, म्हणाले. मशीन तपासायला आम्ही पाण्यानं भरलेला एक गोळा आत ठेवतो, तो ठेवला आणि एकेक आवाज सुरू केला. भावोजी हाताची घडी घालून ऐकत होते. पहिला, टक टक टक. बराच वेळ ऐकून म्हणाले, "हा गॅसवाला. बेल बिघडली म्हणून कडी वाजवतोय." दुसरा घरघरता. "गिरणी. आपले गहू पडलेत." तिसरा बारीक आणि वेगवान, "तुझ्या आईचं शिवणयंत्र, परकराला नेफा घालतायत." आणि सगळ्यांत वाईट तो शेवटचा, ज्यात झोपायचा पाटसुद्धा थरथरतो, त्याला ते हसलेच. "ही आमच्या सोसायटीची मोटर! टाकीत पाणी नाही, चौकीदार झोपलाय, आणि ही आपली चालूच." मग उठून म्हणाले, "आता मी आत जातो. तू माइकवर बसून प्रत्येक वेळी आधी सांग कोण येतंय. न सांगता कुणाला पाठवू नकोस."

मी सांगत गेले. "भावोजी, गॅसवाला आला." "भावोजी, आता गिरणी, जरा जास्त वेळ." फुगा त्यांच्या हातात तसाच होता. शेवटी "मोटर" म्हटलं, तरी ते हलले नाहीत. इतकी स्वच्छ चित्रं आमच्याकडे क्वचित येतात.

रिपोर्ट आला, नॉर्मल. भावोजी ताईकडे वळून म्हणाले, "तू लग्न झाल्यापासून सांगत होतीस ना, माझ्या डोक्यात काही नाही म्हणून? घे, सरकारी शिक्का मिळाला." आम्ही सगळे हसलो. खाली पार्किंगमध्ये गाडीची किल्ली त्यांच्या हातातून दोनदा पडली. दुसऱ्यांदा ती न उचलताच ते म्हणाले, "म्हणजे जखम नाही. म्हणजे हा माझा स्वभावच आहे, वसू." मी त्यांना परोपरीनं समजावलं की साध्या चित्रात न दिसणारं पुष्कळ काही असतं. मेंदू म्हणजे तारांचं जाळं, हादऱ्यानं त्या तारा बारीक ताणल्या जातात, ते बघायला वेगळी पद्धत लागते... ते ऐकत होते, पण गाडीच्या काचेत स्वतःकडे बघत.

ती वेगळी पद्धत आमच्या अभ्यासात होती. स्फोटात सापडलेले, आणि मनावर आघात घेऊन आलेले, अशा निवृत्त सैनिकांच्या मेंदूंची आम्ही बारकाईनं चित्रं घेत होतो. भावोजी त्यात आले, आणि सक्सेनांना काही बारीक काळे ठिपके दिसले. जुने, मुंगीच्या डोक्याएवढे, कधीकाळी पाझरलेल्या रक्ताचे असावेत असे. मी ताईला फोन केला. दुसऱ्या दिवशी ती आमच्या विभागात हजर, मोडून जुळलेल्या हातात पेढ्यांचा डबा! नवऱ्याच्या मेंदूत ठिपके निघाले म्हणून पेढे वाटणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. टेक्निशियन, सफाईवाली, रिसेप्शनवरचा मुलगा, सगळ्यांना वाटले. "लीजिए, हमारे साहब का रिपोर्ट आया है." मला म्हणाली, "बघ, मी म्हणत होते. हे असे नाहीत. हे त्यांना झालं आहे."

आणि इथं मला गप्प बसता आलं नाही. मी तिला सांगितलं की असे ठिपके कधीकधी रक्तदाबानंही येतात, वयानंही येतात. सुरुंगाचे आहेत असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही. शंभर जणांची चित्रं एकत्र ठेवली तर गटागटांत फरक दिसतो, पण एका माणसाच्या चित्रावर बोट ठेवून "तो दचकतो तो यामुळे" असं म्हणता येत नाही. डोक्याचा हादरा कुठे संपतो आणि मनाचा कुठे सुरू होतो, हे मशीनला कळत नाही, आणि आम्हालाही नाही. ताईनं डब्याचं झाकण लावलं. "तुझं शास्त्र तुझ्याजवळ ठेव," ती म्हणाली. "तुला यांच्याबरोबर संसार करायचा नव्हता." आम्ही बरेच दिवस एकमेकींशी बोललो नाही. मी आजही तेच सांगेन. आणि ती आजही तेच म्हणेल.

भावोजींनी मात्र मला विचारलंच. "ते ठिपके राहू देत. मी नातीचं विचारलं होतं त्याचं काय?" मी म्हटलं, "नाही सांगता येत, भावोजी." ते म्हणाले, "चलो, कुणीतरी खरं बोललं." त्यानंतर ते एका मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लागले, न चुकता, पलटणीच्या शिस्तीनं. आणि आमच्याकडेही यायला लागले. फुगा दाबून बाहेर पळणारे ते एकटे नव्हते. त्यांना तिथं बसवायची परवानगी काढायला मला बरेच जिने चढावे लागले, पण निघाली. भावोजी काचेबाहेर माइकपाशी बसायचे, अर्थात पाठ भिंतीला लावून. आधी आलेल्याला सगळे आवाज ऐकवायचे आणि ज्याचे त्याला नावं ठेवू द्यायचे. हरियाणाचा एक हवालदार म्हणाला, हे तर आमचं मळणीचं थ्रेशर. मग त्याच्यासाठी थ्रेशर. "देखो भाई, अब थ्रेशर आएगा, थोड़ा लंबा चलेगा, मैं यहीं बैठा हूँ." नाव नसलेला आवाज म्हणजे शत्रू, नाव ठेवलं की तो शेजारी होतो, असं ते म्हणायचे. मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही आवाजांची बारशी करताय." मला जीभ चावावीशी वाटली. ते म्हणाले, "हो. पण इथं पाठीत कुणी मारत नाही."

घरीही त्यांनी हेच सुरू केलं. दार आपटलं की ते उठायचे नाहीत, पुटपुटायचे, "दार. वारा आहे." कुकरला "कुकर" म्हणायचे. आम्हाला आधी हसू यायचं, मग सवय झाली. ओवी रांगायला लागली होती. एका रविवारी आम्ही सगळे जेवत होतो आणि भावोजी त्यांच्या खुर्चीत, भिंतीला पाठ, दाराकडे तोंड. ओवीनं भिंतीच्या कडेकडेनं रांगत येऊन स्टीलची वाटी फरशीवर दाणकन आपटली. भावोजींचे खांदे वर गेले. गौरी अर्धी उठली. ताईचा घास हातात राहिला. भावोजींनी डोळे मिटले, आणि आम्हाला ऐकू आलं, "वाटी... वाटी आहे. ओवीची वाटी." मग ते वाकले आणि त्यांनी तिला उचललं. बारशानंतर पहिल्यांदा. तिनं त्यांच्या डोक्यावर वाटी मारली, ते म्हणाले, "डॉक्टरीणबाई, आणखी एक ठिपका," आणि ताई पदरात तोंड लपवून रडायला लागली. माझ्या कुठल्याही चित्रात नव्हतं ते उत्तर त्यांनी स्वतःच शोधलं होतं. ते बरे झाले असं मी म्हणणार नाही, त्यांची दिवाळी शेवटपर्यंत जमिनीखालीच गेली. पण नात कडेवर असायची.

ओवी बोलायला लागली तेव्हा तो नियम आपोआप शिकली. तिची भाषा म्हणजे खिचडी, आजोबांना नानू म्हणणारी, पण मागून येताना अगदी स्वच्छ मराठीत, "नानू, आले हं." मग थांबायची. "ये" ऐकल्याशिवाय पुढे येत नसे. कधी ते मुद्दाम उशीर करायचे, ती पाय आपटायची, "नानू, बोलो ना!"

तेराव्याला घरात माणसं होती. पलटणीतले दोघे वृद्ध सोबती आले होते, आणि तो थ्रेशरवाला हवालदारही. भावोजींच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, बसवत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे या खोलीतून त्या खोलीत फिरत होते, पाण्याचे पेले उचलत, ठेवत. संध्याकाळ व्हायला आली तशी ओवी आतून आली. भिंतीच्या कडेनं खुर्चीच्या मागच्या कोपऱ्याशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नानू, आले हं."

आणि थांबली. तिला सगळं सांगून झालं होतं, नानू आता येणार नाहीत म्हणून. तिनं मान डोलावली होती. पण नियम तो नियम. मी हातातला पेला खाली ठेवला. शेवटी आतून, ओट्यापाशी पाठमोरी उभी असलेली नलूताई म्हणाली, "ये." ओवी पुढे आली आणि खुर्चीवर चढून बसली, भिंतीला पाठ, दाराकडे तोंड, पाय अधांतरी.

लग्नसराईचे दिवस होते. खाली रस्त्यावरून वरात चालली होती, ढोल जवळ येत होता, आणि एकाएकी सोसायटीच्या फाटकापाशी फटाक्यांची माळ लागली. इतक्या वर्षांच्या सवयीनं आम्ही सगळ्यांनी, गौरीनं, करणनं, ताईनं, मी, त्या दोघा म्हाताऱ्यांनीसुद्धा, एकदम खुर्चीकडे पाहिलं.

ओवीनं खुर्चीच्या हातावर हात ठेवला, थोपटल्यासारखा. "फटाका आहे, नानू," ती म्हणाली. "शादी है. नुसता फटाका."